बोलायला आलेल्या, विकायला आलेल्या

नागपूरच्या सीताबर्डीत एका वाचनालयाच्या मागे लांबट खोली होती. तिथे दर शनिवारी दुपारी बायका बोलायला जमत. फक्त बोलायला. भजन नाही, हळदीकुंकू नाही, शिवणाचा वर्ग नाही, चकल्यांची स्पर्धा नाही. हे मंडळ ज्यांनी काढलं त्या एका मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. आयुष्यभर मुलींना गप्प बसवल्यावर उतारवयात त्यांना अपराधी वाटू लागलं असावं. आम्ही त्यांना अध्यक्षबाई म्हणायचो. त्यांचे नियम दोनच. एका वेळी एकीनंच बोलायचं, आणि खोलीत ऐकलेलं खोलीतच ठेवायचं. दुसरा नियम पहिल्याच शनिवारी मोडला असणार, कारण पुढच्या शनिवारी दुप्पट बायका आल्या.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात दोऱ्या. इकडचं नागपूर तिकडच्या जबलपूरला जोडून द्यायचं आणि तीन मिनिटं झाली की दोघांच्या मध्ये तोंड घालायचं, हे माझं काम. माझ्या लग्नाचं वय उलटत चाललंय असं घरात सगळ्यांचं मत होतं. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. माझी एक मावशी आमच्याच घरी राहायची, ती मंडळात पहिल्या दिवसापासून जात होती. शनिवारी संध्याकाळी आम्हाला वर्तमानपत्राची गरज पडत नसे.

मंडळाला कीड लागली ती तेलापासून. एका शनिवारी एक नवी बाई आली आणि तिनं केस गळतात म्हणून सांगायला सुरुवात केली. नुसते केस नव्हते गळत. केसांपाठोपाठ नवऱ्याचं लक्ष गळालं होतं, सासूची माया गळाली होती, आणि आता जीव नको झाला होता. बायकांचे डोळे भरून आले. चिटणीसबाई, म्हणजे एका रेल्वे अधिकाऱ्याच्या पत्नी, अध्यक्षबाईंचा उजवा हात, त्यांनी तर आपला इस्त्रीचा रुमाल काढून दिला. बाईनं डोळे पुसले आणि म्हणाली की एवढ्यात कुणीतरी तिला माक्याचं एक तेल दिलं. मग ते तेल तिच्या पिशवीतून बाहेर आलं. मग आणखी आलं. अर्ध्या खोलीनं दयेपोटी बाटल्या घेतल्या. चिटणीसबाईंना रुमाल परत मिळाला नाही.

शनिवारी दुपारी सीताबर्डीत चाळीसेक बायका कान उघडे ठेवून एका जागी बसतात, ही बातमी साऱ्या विकणाऱ्यांत पसरायला वेळ लागला नाही. दातांची पूड आली. नायलॉनच्या साड्या आल्या. भांडी घासायची पावडर आली. गुडघेदुखीचं चूर्ण आलं. पण एकही बाई 'घ्या' म्हणत नव्हती. जी ती एखादं दुःख घेऊन यायची आणि शेवटी म्हणायची, मला गुण आला म्हणून सांगते, मला काय त्यात मिळायचंय.

नुकसान पैशाचं नव्हतं. खऱ्या बायकांनी बोलणं बंद केलं, ते नुकसान होतं. मावशीची एक मैत्रीण आपल्या सुनेचं काही सांगायला उठली तर मागून कुणीतरी म्हणालं, आधी पिशवीत काय आहे ते दाखवा. ती बिचारी तशीच खाली बसली. मावशीनं हे घरी येऊन सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच तिला मजा येत नव्हती.

पुढच्याच आठवड्यात अध्यक्षबाई आमच्या घरी आल्या. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी खुर्चीकडे असं बघितलं की मावशीनं धावत जाऊन ती पुसली. त्या सरळ मुद्द्यावर आल्या.

"तू दिवसभर अनोळखी माणसांची बोलणी ऐकतेस. खरं कोण, खोटं कोण, तुला कळत असेल."

मी म्हणाले की आम्हाला बोलणी ऐकायची परवानगी नाही, तसा नियम आहे.

"नियम मी पण केलेत," त्या म्हणाल्या. "शनिवारी ये."

शनिवारी माझी सकाळची ड्यूटी असे, दुपार रिकामी होती. शिवाय चिटणीसबाई घरचा चिवडा आणतात हे मावशीकडून कळलं होतं. मी गेले.

मी मधल्या रांगेत बसायचं आणि एखादी बाई विकणारी वाटली की खोकायचं, असं ठरलं. अध्यक्षबाईंची आणि चिटणीसबाईंची आपापली पद्धत होतीच. अध्यक्षबाई भाषेवर जायच्या. जिचा 'ण' शुद्ध ती त्यांच्या लेखी प्रामाणिक. चिटणीसबाई साडी आणि चपला बघायच्या. चांगल्या घरची बाई काही विकत फिरत नाही, हे त्यांचं पक्कं मत. मला दोन्ही पद्धती हास्यास्पद वाटल्या, म्हणून मी स्वतःची तिसरी काढली, जी आणखी हास्यास्पद होती. मी पिशव्या बघायला लागले.

पहिल्याच दिवशी मी एका ठेंगण्या, घामेजलेल्या बाईवर खोकले. तिच्या मांडीवर भली मोठी फुगलेली पिशवी होती आणि ती नवऱ्याविषयी बोलत होती. अध्यक्षबाईंनी तिला मधेच थांबवलं आणि पिशवी उघडायला सांगितली. ती बाई उभी राहिली, पिशवीतून नवऱ्याची एक पँट काढली, मग दुसरी, मग तिसरी, आणि दोन्ही हातांनी उंच धरून चाळीस बायकांना दाखवली. कंबर सैल करायला सीताबर्डीच्या शिंप्याकडे न्यायच्या होत्या.

"विकायच्या असत्या तर केव्हाच विकल्या असत्या," ती म्हणाली, "माणसासकट."

खोली इतकी हसली की वाचनालयातून कुणीतरी येऊन दार लावून गेलं. त्या बाईचं पुढे मंडळात फार वजन वाढलं, तिच्या नवऱ्यासारखंच. माझं मात्र त्या दिवशी उतरलं. त्याच दुपारी शुद्ध 'ण'ची, चांगल्या चपलांची, बारक्या पर्सची एक बाई तासभर अभंगांवर बोलली आणि जाता जाता तिनं तिघींना विम्याचं पटवून दिलं. मी खोकले नव्हते. मी चिवडा खात होते.

एक्स्चेंजमध्ये पुढचा आठवडाभर मी विचार करत राहिले. आमच्याकडे ज्याच्या घरात खरोखर काही झालेलं असे, त्याला कुठून सुरुवात करावी ते कळत नसे. माणूस अर्जंट कॉल लावायचा आणि पलीकडचा उचलला की विचारायचा, तिकडे ऊन कसं आहे. मग गप्प. मग पुन्हा ऊन. मी तीन मिनिटं झाल्याचं सांगितलं की मग कळायचं, घरातलं कोणी गेलंय. याउलट धंद्याचे कॉल. ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत गुळगुळीत. तीन मिनिटं व्हायच्या आत बरोबर संपायचे, जसे काही कापून आणलेत. पुढच्या शनिवारी मी पिशव्यांकडे बघायचं सोडून दिलं आणि गोष्टी कशा संपतात ते ऐकत बसले.

तेव्हा गुडघेवाल्या बायका ऐन भरात होत्या. एक जाडसर बाई येऊन सांगून गेली होती की तिच्या सासूबाईंच्या उजव्या गुडघ्यात अशी कळ यायची, जशी कोणी तापवलेली टाचणी टोचून राहिलं. बायका हळहळल्या. मग चूर्ण आलं. त्यानंतर दोन शनिवार गेले आणि एक दुसरीच, लुकडी, बाई उभी राहिली. तिच्याही सासूबाई. त्यांचाही उजवाच गुडघा. आणि जशी कोणी तापवलेली टाचणी टोचून राहिलं. वाक्य न वाक्य तेच. रोज शेकड्यानं वाक्यं ऐकणाऱ्या बाईला एवढं तर आठवणारच. मी खोकणार तोच कोपऱ्यातून एक तिसरी बाई म्हणाली, अहो माझ्या आईला पण असंच होतं, त्या चूर्णानं बिलकुल आराम पडला. ती त्या लुकडीला ओळखत नाही असं तिनं न विचारता सांगितलं.

मावशी माझ्या कानाशी लागली. "ब्लाउज बघ दोघींचे," ती म्हणाली. "एकाच ठाणातले हायेत."

मी बघितलं. जांभळ्यावर पिवळे ठिपके, इकडे आणि तिकडे. माझे कान कामाचे होते खरे, पण डोळे मावशीचेच. मी खोकले नाही. उठून त्या लुकड्या बाईला विचारलं की सासूबाई आता कशा आहेत, घरीच आहेत का.

ती जरा अडखळली. असा प्रश्न तिच्या गोष्टीत नव्हता. तिची गोष्ट गुडघ्यापाशीच संपत होती, त्यावरच्या बाईचं पुढे काय झालं याचा तिनं विचारच केला नव्हता.

"देवाघरी गेल्या," ती म्हणाली.

"अमरावतीले गेल्या," कोपऱ्यातली बाई त्याच क्षणी म्हणाली.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. त्या शाळेत कॉपी पकडल्यावर जसं बोलत असतील तसंच, अगदी शांतपणे, म्हणाल्या, "बाहेर जाऊन तुम्ही दोघी आधी ठरवा. मग काय ठरलं ते आम्हाला पोस्टकार्डानं कळवा." दोघी उठल्या. चूर्णाचा एक पुडा खुर्चीवर राहिला होता, तो चिटणीसबाईंनी परत द्यायला म्हणून उचलला. पुढे कित्येक दिवस त्या जिने चढताना बऱ्या दिसत होत्या, पण त्याबद्दल आम्ही काही विचारलं नाही.

त्या दिवसापासून माझा भाव वधारला. मी अध्यक्षबाईंना माझा अंदाज समजावून सांगितला. खऱ्या बाईच्या गाऱ्हाण्याला शेवट नसतो. आमच्यातल्या एकीचं शेजारणीशी नळावरून जे चाललं होतं ते दिवाळीत सुरू झालं आणि होळीपर्यंत आम्ही ते ऐकलं. मधे त्यात एक बकरी शिरली, मग नगरपालिकेचा माणूस, मग शेजारणीचा बिघडलेला भाऊ. हे काही कुणी घरून तयार करून आणत नाही. विकणारीची गोष्ट मात्र बाटलीच्या बुचाशी येऊन थांबते. म्हणून गोष्ट फार लवकर, फार छान संपली, की संपल्यानंतरचं काहीतरी विचारायचं. खरी बाई आनंदानं पुढे बोलते. खोटी मागे, बाटलीकडे जाते.

अध्यक्षबाईंना हे फार आवडलं आणि त्यांनी ते नियम म्हणून सगळ्यांना जाहीर केलं. तिथे घोटाळा झाला. आता आपण खऱ्या वाटाव्यात म्हणून खऱ्या बायका गोष्टी संपवायच्याच बंद झाल्या. एकीच्या मुलीचं लग्न ठरून, होऊन, ती सासरी नांदायला लागली होती, पण ही शनिवारी येऊन म्हणायची, काय होईल बाई पोरीचं. पँटवाल्या बाईनं तर नवऱ्याची कंबर कमी झालेली असून आमच्यापासून लपवली. तपासणी सुरू झाली की प्रामाणिक माणसंही चोरासारखी वागायला लागतात, हे मला तिथे कळलं. सगळ्या बायका बोलताना माझ्याकडे बघायच्या. मला साधा खोकला झाला तेव्हा मी एक शनिवार घरी बसले.

अशातच आम्हाला कुहीकडच्या बाईंचा प्रश्न पडला.

त्या बरेच महिने येत होत्या. कुहीजवळच्या खेड्यात त्यांची धानाची शेती, नवरा तिकडेच. मुलांच्या शाळेसाठी त्या नागपुरात खोली घेऊन राहिल्या होत्या. एवढं मावशीनं त्यांच्याकडून काढलं होतं. उंच, हाडापेरानं मजबूत, नऊवारी नेसलेल्या. दाराजवळच्या खुर्चीवर बसायच्या, पायाशी कापडाची गच्च बांधलेली पिशवी ठेवायच्या आणि एक शब्द बोलायच्या नाहीत. शनिवारमागून शनिवार. दुसऱ्या बोलायच्या तेव्हा पुढे झुकून ऐकायच्या, हसायच्या जागी सगळ्यांच्या आधी हसायच्या, आणि संपलं की पिशवी उचलून जायच्या.

चिटणीसबाईंना त्यांच्याविषयी खात्री होती. बोलत नाही, पिशवी घेऊन येते आणि घेऊन जाते, म्हणजे नक्कीच संधी शोधते आहे. अध्यक्षबाई म्हणाल्या की ज्या मंडळाचं कामच बोलणं, तिथे न बोलणारी बाई नियमात कशी बसवायची. दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले की मला ऐकल्याशिवाय काही सांगता येत नाही, आणि ती बाई काही बोलतच नाही. आता एखादीच्या गप्प बसण्यावरून कसं खोकायचं? मला त्या आवडत होत्या हेही खरं. आमच्या बोर्डावर बसून दिवसभर बोलणाऱ्यांचा मला इतका कंटाळा यायचा की गप्प बसणारं माणूस दिसलं की मी आधीच त्याच्या बाजूची व्हायचे.

मग उन्हाळ्याच्या तोंडावर एका शनिवारी त्या आपणहून उभ्या राहिल्या. खोलीतला कूलर खडखडत होता, तो अध्यक्षबाईंनी बंद करायला लावला. कुहीच्या बाई म्हणाल्या की त्यांचा नवरा आधी फार चिडायचा. ताटं फेकायचा. मग मुलांना घेऊन त्या नागपुरात आल्या, आणि तो आता पंधरवड्यातून एकदा येतो तर गपचूप जेवतो, ताट स्वतः उचलून ठेवतो. "आता बराबर हाये," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

झालं. एवढीच गोष्ट. माझ्याच नियमानं मोजली तर याहून खोटी गोष्ट त्या खोलीत आजवर कुणी सांगितली नव्हती. दुःख, उपाय, गुण. अगदी कापून आणल्यासारखी. साऱ्या माना माझ्याकडे वळल्या. मी खोकले नाही, पण आता माझ्या खोकण्याची कुणाला गरज उरली नव्हती. चिटणीसबाई उठल्या आणि म्हणाल्या की पिशवी उघडा.

मी उभी राहिले आणि म्हणाले की हे बरोबर नाही, माझा नियम म्हणजे काही देवाची वाणी नाही, एखाद्या बाईचं खरोखरच बरं झालं असेल तर तिनं काय करायचं. चिटणीसबाई म्हणाल्या की मग तुला बोलावलं कशाला. बराच वेळ आमचं असं चाललं. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या शांतपणे बसून ते ऐकत होत्या, नेहमीसारख्याच पुढे झुकून, जसं काही हे भांडण दुसऱ्याच कुणावरून होतं. मग त्यांनी वाकून पिशवीची गाठ सोडली.

आत तांदूळ होता. चिन्नोर. ज्यांनी नवा चिन्नोर बघितला नाही त्यांना काय सांगू. बारीक, जिऱ्याएवढा दाणा, आणि पिशवी उघडल्याबरोबर दाराजवळच्या तीन रांगांना वास गेला.

"म्हणजे विकायलाच आला होतात तुम्ही," चिटणीसबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जिंकलेल्या माणसाचा होता.

"हो ना," कुहीच्या बाई म्हणाल्या. "इकाले तर आली होती."

लपवायचं असं त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. घरचा तांदूळ, शहरात ओळख नाही, कुणीतरी सांगितलं की इथं बायका जमतात. पहिल्या शनिवारी त्या तेवढ्यासाठीच आल्या होत्या. अध्यक्षबाईंनी विचारलं की मग इतके महिने विकला का नाही.

कुहीच्या बाईंनी जरा विचार केला. "तुमच्या गोष्टी आयकत राहते ना बाई, तर इकाचं भुलूनच जाते. घरी गेल्यावर पिशवी दिसते. मंग म्हणते, जाऊ दे, पुढच्या शनिवारी."

मग त्या नळाच्या भांडणवालीकडे वळल्या आणि विचारलं की त्या बकरीचं पुढे काय झालं. एका शनिवारी पोराला ताप होता म्हणून त्यांना येता आलं नव्हतं, तेव्हापासून ते राहून गेलं होतं.

नळवाली सांगायला लागली. आपण मधेच कुठल्या मोठ्या चौकशीत शिरलो आहोत हे तिच्या ध्यानातच आलं नाही, आणि बकरीची गोष्ट निघाली तर ती ऐकायला आम्ही सगळ्याही गप्प झालो. चिटणीसबाई तेवढ्या उभ्या राहिल्या होत्या. त्याही थोड्या वेळानं बसल्या. मी कुहीच्या बाईंकडे बघत होते. उघडी पिशवी पायाशी तशीच होती आणि त्यांना तिची आठवण उरली नव्हती. विकायला आलेली बाई केव्हातरी ऐकायला आलेली झाली होती, आणि ते कधी झालं हे तिलाही माहीत नव्हतं. खरी की खोटी, असं एकदाच ठरवून मोकळं व्हायचं, ही माझी सगळी हुशारी तिथे उघडी पडली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट हसू यायला लागलं आणि ते दाबता दाबता मी खरोखरच खोकले. कुणी लक्ष दिलं नाही.

त्यानंतर जे झालं ते मंडळाला शोभणारं नव्हतं. बकरी संपल्याबरोबर पँटवाली बाई उठली, तांदळाची मूठ भरून नाकाशी नेली आणि म्हणाली की हा मी घेते. दुसरी म्हणाली मीच घेणार होते, मी आधी वास घेतला. विकणाऱ्यांच्या नावानं वर्षभर बोटं मोडणाऱ्या बायका पिशवीभोवती गोळा झाल्या. चिवड्याचा डबा रिकामा करून त्यानं मापं निघाली. अध्यक्षबाई दोन वेळा 'शांतता' म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी खाली वाकून विचारलं की चिटणीसबाईंनी आपल्यासाठी थोडा बाजूला ठेवला आहे का. चिटणीसबाईंनी ठेवला होता. दोघींपुरता.

कुहीच्या बाई मात्र गडबडून गेल्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "आता मले इथं येऊ देतीन ना वं?"

मी म्हणाले की आता तर तुम्हाला न येऊ देण्याची कुणाची हिंमत नाही.

पुढच्या शनिवारी अध्यक्षबाईंनी नवा नियम सांगितला. जिला काही विकायचं तिनं ते वाचनालयाच्या पायऱ्यांवर, सुरू व्हायच्या आधी, उघड विकावं. खोलीत फक्त बोलायचं. आणि इथून पुढे कुणी खोकणार नाही. या शेवटच्या वाक्याला टाळ्या पडल्या, आणि मला त्या जरा जास्तच वाटल्या.

हा नियम माझ्या नियमापेक्षा कितीतरी बरा निघाला. पायऱ्यांवर दुःख चालत नव्हतं. तिथे उन्हात उभं राहून नुसती वस्तू दाखवायची, भाव सांगायचा. केस न गळता तेल विकायचं म्हटल्यावर तेलवाली एकदा आली आणि पुन्हा दिसली नाही. चूर्णवाल्या बहुधा अमरावतीलाच गेल्या. तांदूळ, घरची हळद, एकीच्या हातचे सांडगे, असलं काहीबाही पायऱ्यांवर राहिलं. विम्याची ती बाई मात्र आली. पायऱ्यांवर विमा विकायची आणि मग आत येऊन अभंगांवर बोलायची. तिला अभंग खरोखरच आवडत होते असं निघालं. तासतासभर आवडायचे. आम्ही त्यावर काही करू शकलो नाही.

मंडळ आणखी काही वर्षं चाललं. मग वाचनालयाला ती खोली परीक्षा देणाऱ्या मुलांच्या अभ्यासिकेसाठी हवी झाली. अध्यक्षबाईंनी आणखी दोन जागा बघितल्या, पण एक फार लांब होती आणि दुसरीकडे मागच्या भिंतीपलीकडे बँडवाले सराव करायचे. शेवटच्या शनिवारी त्यांनी निरोपाचं भाषण लिहून आणलं होतं. अर्ध्यावर सगळ्या जणी एकदमच बोलायला लागल्या, एका वेळी एकीनं हा नियमही गेला. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पँटवालीच्या शेजारी जाऊन बसल्या. पुढे त्या लेकीकडे जबलपूरला गेल्या. कधीमधी ट्रंक कॉल लावायच्या तेव्हा एक्स्चेंजमधल्या माझ्या मैत्रिणींना सांगायच्या की कॉल मीच जोडून द्यायला हवा. तीन मिनिटं झाली हे त्यांना सांगायची माझी छाती कधीच झाली नाही.

कुहीच्या बाईंशी माझा संबंध टिकला. ऐंशीच्या दशकात त्यांनी मनीषनगरकडे प्लॉट घेतला. तिकडे तेव्हा नुसती शेतं आणि लेआउटचे पांढरे दगड होते. शहर इकडं येईन असं लोक म्हणतात, त्या मला म्हणाल्या, आलं तर आलं. त्यांनी दोन खोल्या बांधल्या तेव्हा मी आणि मावशी रिक्षा करून वास्तूला गेलो. त्यांचा तो ताट फेकणारा नवराही होता. बारीकसा, गप्प माणूस, पाहुण्यांना पाणी देत फिरत होता. मावशी त्याच्याकडे बराच वेळ संशयानं बघत राहिली.

जेवणं झाल्यावर पुरुष बाहेर मंडपात गेले आणि आम्ही बायका आतल्या खोलीत, अजून ओल्या असलेल्या फरशीवर चटया टाकून बसलो. कुहीच्या बाई माझ्या शेजारी येऊन टेकल्या. मंडळात मी इतकी वर्षं गेले आणि स्वतःचं कधी एक अक्षर बोलले नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. माझ्या तोपर्यंत आलं नव्हतं.

"तुमचं काही नाही काय सांगाचं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, माझं काय असणार. मग मी वडिलांच्या आजारपणाचं सांगायला लागले, मग बदली नाकारल्याचं, मग एका माणसाचं, ज्याच्याबद्दल मावशीलाही माहीत नव्हतं. मावशी शेजारीच बसली होती, तिनं सुपारी कातरायची थांबवली. बाहेर कुणीतरी मंडपाचे बांबू काढायला लागलं होतं. कुहीच्या बाईंनी उठून दार लोटलं आणि परत येऊन बसल्या.